बंड्याला पळू द्यायचं की बांधून ठेवायचं?

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आमचा बंड्या लॅब्राडोर आहे, वय नऊ महिने, वजन ३४ किलो. दोन महिन्यांपासून सकाळी उठताना त्याला मागचा भाग उचलायला वेळ लागतो आणि पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो. इथल्या डॉक्टरांनी भूल देऊन तपासलं, एक्स-रे काढला आणि दोन्ही खुब्यांत मध्यम स्वरूपाचा हिप डिस्प्लेसिया असल्याचं सांगितलं. 'व्यायाम बेतानं द्या' म्हणाले. पण बेतानं म्हणजे किती? सासरे म्हणतात, वर्षभर बांधून ठेवा, हाडं भरू देत. अकरावीतला मुलगा म्हणतो, पळवल्याशिवाय पायांत जोर कसा येणार? तो दर रविवारी त्याला नदीकाठच्या मैदानावर नेऊन तासभर चेंडू टाकतो आणि सोमवारी बंड्या लंगडतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, घरात गुळगुळीत फरशी आहे. तयार खाद्य खातो, वर दूध-पोळी. ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्यांनी सांगितलेलं कॅल्शियमचं टॉनिकही चालू आहे. साखळीला बांधलं की तो आमच्या तोंडाकडे बघत बसतो, ते बघवत नाही. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बंड्याला बांधून ठेवू नका. आणि चेंडू आज संध्याकाळीच कपाटात टाका. मुलगा आणि आजोबा दोघांचंही निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यानं बंड्याचं नुकसान होतंय.

खुब्याला आपण उखळीचा सांधा म्हणतो. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतं आणि फिरतं. बंड्याची वाटी उथळ राहिली आहे आणि सांध्याभोवतीचे बंध ढिले आहेत, त्यामुळे ते डोकं वाटीत घट्ट न बसता हलतं. तुमच्या डॉक्टरांनी भूल दिल्यावर मांडी वर-बाहेर फिरवून पाहिली असेल, तेव्हा वाटीच्या काठाला आलेलं डोकं 'टक्' करून आत बसतं. ही तपासणी मुळात माणसांच्या तान्ह्या बाळांसाठी आहे. ऑर्टोलानी नावाच्या इटालियन बालरोगतज्ज्ञाच्या नावानं ती ओळखली जाते आणि आजही नवजात बाळांचे खुबे तशाच रीतीनं तपासतात.

आता चेंडू टाकल्यावर काय होतं ते पाहा. बंड्या जीव खाऊन पळतो, चेंडूपाशी करकचून थांबतो आणि जागच्या जागी वळतो. त्या क्षणी ३४ किलोचा भार पीळ पडलेल्या ढिल्या सांध्यावर येतो, डोकं वाटीच्या काठावर सरकतं आणि परत आत आदळतं. तासाभरात असं पन्नास-साठ वेळा होतं. काठावरची कूर्चा झिजते, आत सूज येते. सोमवारी तो लंगडतो तो त्या सुजेमुळे. लॅब्राडोर दुखतंय म्हणून चेंडू सोडत नाही, त्यामुळे 'तो थकला की थांबेल' या भरवशावर राहता येत नाही.

मग विश्रांती का नको? याचं उत्तर देताना मला माझीच एक चूक सांगावी लागेल. दवाखाना सुरू करून मला दोन वर्षं झाली होती. असंच आठ महिन्यांचं लॅब्राडोर पिल्लू माझ्याकडे आलं. मी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'सहा महिने पूर्ण विश्रांती'. घरची माणसं फार प्रामाणिक होती, त्यांनी शब्दशः पाळलं. कुत्रं दीड वर्षाचं असताना पुन्हा आलं तेव्हा मांड्या हातात मावत होत्या, पाठीवर चरबीचा थर होता आणि उठताना ते पुढच्या पायांवर स्वतःला ओढत होतं. एक्स-रेत वाटी पहिल्यासारखीच उथळ होती, वर संधिवात सुरू झालेला. आजोबा म्हणतात तशी उथळ वाटी बसून राहिल्यानं भरून येत नाही. बंध ढिले असताना ते डोकं वाटीत धरून ठेवायला उरतात फक्त मांडीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू, आणि मी नेमके तेच सहा महिन्यांत वाळवून टाकले होते. त्यानंतर तशी चिठ्ठी मी कुणाला दिली नाही.

व्यायामाकडे वळण्याआधी एक गोष्ट, कारण तिला मुदत आहे. कमरेचं हाड कापून वाटी डोक्यावर नीट झाकेल अशी फिरवण्याची एक शस्त्रक्रिया असते. ती साधारण दहा-बारा महिन्यांच्या आत आणि सांध्यात संधिवात सुरू झाला नसेल तरच करतात. बंड्या नऊ महिन्यांचा आहे. म्हणून याच महिन्यात त्याचे एक्स-रे घेऊन अस्थिशल्यचिकित्सा करणाऱ्या पशुवैद्यांचं मत घ्या. तुम्हाला पुणे रस्त्यावर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळचं आहे. ते कदाचित 'नको' म्हणतील. अनेक कुत्री शस्त्रक्रियेशिवाय चांगली जगतात. सांधा फारच बिघडला तर वाढ पूर्ण झाल्यावर कृत्रिम सांध्याचा पर्याय राहतो. पण विचारायचं राहून गेलं असं व्हायला नको.

आता बेतानं म्हणजे किती. पहिले दोन आठवडे सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं, फक्त चालणं. छातीचा पट्टा घाला, गळ्याचा नको. दोरी चार-पाच फुटांची, साधी, लांबत जाणारी नको. वेग असा हवा की त्याचे मागचे पाय एकामागून एक पडताना तुम्हाला दिसतील. वेग वाढला की तो सशासारखा दोन्ही पाय जोडून टाकतो, म्हणजे खुब्यांना काम न देता पाठीनं उडी मारतो. हळू चालताना त्याला प्रत्येक पाय वेगळा टेकवून त्यावर वजन घ्यावंच लागतं. हेच हळू चालणं त्याच्या मांड्या भरून आणेल. मुलाला हे मुद्दाम समजावून सांगा. पायांत जोर येण्याबद्दल त्याचं म्हणणं खरं आहे, फक्त तो जोर पळण्यानं येत नाही.

जमीन मऊ पण घट्ट हवी. गवत, मैदानाची दाबलेली माती, शेताचा कोरडा बांध चालेल. डांबर आणि काँक्रीट शक्य तेवढं टाळा, आणि मार्च ते मे सात वाजल्यानंतर ऊन चढलं की अजिबात नको. तळहात उलटा करून रस्त्यावर ठेवा, सात सेकंद ठेववला नाही तर त्याच्या पंजांनाही तो रस्ता सोसणार नाही. पावसाळ्यात तुमच्याकडच्या काळ्या रानात पाय रुततात आणि बाहेर काढताना सांधा पिळतो, तेव्हा ते रान बंद. घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्याही नकोत. आणि नदीत तर उतरवूच नका. कृष्णेत मगरी आहेत, हे सांगलीकरांना मी वेगळं सांगायला नको.

किती वाढवायचं हे तुम्हाला घड्याळापेक्षा दुसऱ्या दिवशीची सकाळ नीट सांगेल. बंड्या झोपेतून उठतो तेव्हाचा अर्धा मिनिट रोज मोबाईलवर टिपा आणि एका वहीत लिहा : किती चाललो, कुठे चाललो, सकाळी कसा उठला. आठवडाभर सकाळ चांगली गेली तर प्रत्येक फेरीला दोन मिनिटं वाढवा. सकाळी जास्त आखडलेला दिसला तर दोन दिवस वेळ निम्मा करा, पूर्ण बंद करू नका, आणि मग पुन्हा मागच्या पायरीवरून सुरू करा. असं करत दोन-अडीच महिन्यांत तुम्ही पंचवीस मिनिटांपर्यंत पोचाल. वयाच्या प्रत्येक महिन्याला पाच मिनिटं, हा हिशोब तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्याला भक्कम संशोधनाचा आधार नाही. आणि त्या हिशोबानं बंड्याला आज पंचेचाळीस मिनिटं मिळतील, ती त्याला झेपणार नाहीत. रविवारचा वेगळा कार्यक्रमही ठेवू नका. सहा दिवस दहा मिनिटं आणि सातव्या दिवशी तासभर, या ओढाताणीतच असे सांधे बिघडतात.

तुमचा जिना मला जास्त काळजीचा वाटतो. तीन मजल्यांच्या पन्नासेक पायऱ्या धरल्या तर दोन फेऱ्यांत चढून-उतरून दोनशे होतात. त्याला उचलणं तुम्हाला जमणार नाही, तुमची कंबर जाईल. म्हणून जुना जाड टॉवेल त्याच्या पोटाखालून, मांड्यांच्या अगदी पुढून घ्या आणि दोन्ही टोकं वर हातात धरा. तो नर आहे, तेव्हा लघवीची जागा दबणार नाही इकडे लक्ष द्या. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. प्रत्येक मजल्यावर श्वास घ्यायला उभे राहा. पायऱ्यांवर पळणं, विशेषतः उतरताना, आजपासून बंद. दिवसातून दोनदाच खाली न्या. दुपारच्या लघवीसाठी आणि तिसऱ्या छोट्या फेरीसाठी सोसायटीकडून गच्चीची परवानगी काढा आणि मातीचा एक पसरट ट्रे कोपऱ्यात ठेवा. गच्ची थंड असेल तेव्हाच, आणि दोरी हातात धरूनच.

घरातल्या फरशीवर तो दिवसभरात शंभर वेळा घसरत असणार. मागचे पाय बाहेर फाकले की सांधा पुन्हा काठावर येतो. झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार यांना जोडणारी रबरी मॅटची किंवा स्वस्त योगा मॅटची वाट करा. नुसती सतरंजी टाकू नका, ती स्वतःच सरकते. पंजांच्या गाद्यांमधले केस कापा, नखं वाढू देऊ नका. सोफ्यावर आणि गाडीत उडी मारू द्यायची नाही. भांडं मात्र त्याच्या कोपरापर्यंत उंच ठेवायची गरज नाही, उंच भांड्यातून खाताना तो भार मागच्या पायांवर टाकतो.

घरात करायचे दोन व्यायाम मला फार आवडतात. पहिला, बस-ऊठ. बंड्याची एक बाजू भिंतीला लागेल असा मॅटवर उभा करा, म्हणजे बसताना तो पाय एका बाजूला फेकणार नाही. खाद्याचा दाणा नाकापुढून वर न्या, तो बसेल. दाणा पुढे आणा, तो सरळ उठेल. सकाळी पाच, संध्याकाळी पाच, एवढंच. आपल्या उठाबशा जे करतात तेच हे. पंधरा दिवसांनी दहा-दहा करा. दुसरा, काठ्यांवरून चालणं. केराच्या झाडूच्या दांड्या किंवा प्लंबिंगच्या पाईपचे चार तुकडे जमिनीवर समांतर ठेवा, मधे त्याचं एक पाऊल आरामात पडेल एवढं अंतर. त्यांच्यावरून हळूहळू चालवा, उडी नाही. प्रत्येक पाय उचलून नेमका ठेवताना खुब्याभोवतीचे जे लहान स्नायू एरवी आळसावलेले असतात ते जागे होतात. उसाची कांडी वापरायचा मोह सांगलीत होईल, पण तो ती चघळत बसेल. व्यायाम करताना पाय थरथरले, तो सारखा एका बाजूला बसू लागला किंवा दाण्याकडेही लक्ष देईना, तर त्या दिवशी तिथेच थांबा.

त्याच्या तोंडाकडे बघत बसण्याबद्दलही तुम्ही लिहिलंय. नऊ महिन्यांच्या लॅब्राडोरचं डोकंही भुकेलं असतं. त्याच्या रोजच्या खाद्यातले निम्मे दाणे भांड्यात न देता जुन्या बारदानाच्या घड्यांत लपवा, मॅटवर विखरा, दहा मिनिटं नाकानं शोधू द्या. फिरायला नेल्यावर त्याला वास घेत थांबावंसं वाटलं तर ओढू नका. दहा मिनिटांत शंभर पावलंच झाली तरी चालेल. पोटभर वास घेऊन आलेलं कुत्रं घरी शांत झोपतं.

आता दूध-पोळी. ती बंद, वाईट वाटलं तरी. बंड्याच्या फासळ्यांवरून हात फिरवा. आपल्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवताना हाडं जशी लागतात तशा फासळ्या लागायला हव्यात. तळहाताच्या बाजूसारखं गुबगुबीत लागलं तर वजन जास्त आहे, आणि तुमच्या पत्रावरून तेच वाटतंय. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून एक अभ्यास झाला. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं जन्मभर दिलं. कमी खाणाऱ्यांतली निम्मी कुत्री १३ वर्षांपुढे जगली, दुसऱ्यांतली निम्मी ११.२ वर्षांपुढे, आणि कमी खाणाऱ्यांच्या खुब्यांत संधिवात उशिरा आला. हा निकाल २००२ साली प्रसिद्ध झाला आणि मी तो माझ्या दवाखान्यात जवळजवळ रोज कुणाला तरी सांगते. व्यायामानं जे मिळवाल ते चार किलो जास्तीच्या वजनानं जाईल.

कॅल्शियमचं टॉनिकही थांबवा. तो चांगलं तयार खाद्य खातो, त्यात पुरेसं कॅल्शियम असतं. मोठ्या जातीच्या पिल्लांना वरून कॅल्शियम दिल्यानं हाडांची वाढ बिघडते, हे आता पक्कं माहीत आहे. तरी आपल्याकडे पिल्लासोबत ती बाटली हातात ठेवतात, याचा मला मनापासून राग येतो. पालकांच्या मायेचा तो गैरफायदा आहे.

दुखणं असेल तर तुमच्या डॉक्टरांना कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक विचारा. दुखणं कमी असेल तरच तो पाय नीट टेकेल आणि व्यायामाचा उपयोग होईल. मात्र गोळी दिलेल्या दिवशी तो टुणटुणीत दिसला म्हणून चालणं वाढवू नका. माणसांच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, घरातून देऊ नका. पहिल्या दोन्हींनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. आजोबांचं गुडघ्याचं मलमही नको, तो ते चाटणार.

आजोबांना एक काम द्या : वही. त्यांना बंड्याची काळजी आहे म्हणूनच ते बांधून ठेवा म्हणतात. सकाळी तो कसा उठला हे घरात सगळ्यात आधी उठणारं माणूसच नीट सांगू शकतं. तीन महिन्यांनी त्या वहीसह मला पुन्हा लिहा.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत शेततळं आहे. सव्वा वर्षाच्या कुत्रीला खुब्याचा हाच त्रास आहे. पोहणं चांगलं असं ऐकलं. शेततळ्यात सोडली तर चालेल का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : नाही, कृपा करून सोडू नका. पोहणं चांगलं हे खरं, कारण पाणी वजन तोलतं आणि सांध्यावर न आदळता मांड्या काम करतात. पण तुमच्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असणार. त्या तिरक्या ओल्या कागदावर कुत्र्याची नखं धरत नाहीत. ते आत जातं, बाहेर येता येत नाही, दमतं आणि बुडतं. माणसंही अशीच गेली आहेत. आजच तळ्याला कुंपण नसेल तर घाला आणि कागदावर गाठी मारलेला जाड दोर किंवा जुन्या टायरची शिडी सोडून ठेवा.

तिला पाण्यातला व्यायाम द्यायचाच असेल तर उतरता काठ आणि वाळूचा घट्ट तळ असलेलं, वाहतं नसलेलं उथळ पाणी शोधा. तिथे पोहण्यापेक्षा पोटापर्यंतच्या पाण्यातून दोरीनं हळू चालवणं जास्त उपयोगी. काही कुत्री पोहताना फक्त पुढचे पाय मारतात आणि मागचे नुसते तरंगतात, मग खुब्यांना काहीच मिळत नाही. चालताना तसं होत नाही. पहिल्या दिवशी तीन मिनिटं पुरे, कुत्र्यांचं तरंगणारं जाकीट घालून, आणि तुम्ही स्वतः पाण्यात हवेत. पाण्यात काठी-चेंडू टाकायचा नाही, कारण काठावरून ती उडीच मारेल. बाहेर आल्यावर टॉवेलनं कोरडी करा, कान पुसा. मोठ्या शहरांत पाण्याखालच्या ट्रेडमिलची सोय काही दवाखान्यांत असते. ती जवळ असेल तर सगळ्यात सुरक्षित.

प्रश्न : पुढच्या महिन्यात जर्मन शेफर्डचं दोन महिन्यांचं पिल्लू आणतोय. पुढे त्याला हा आजार होऊ नये म्हणून आत्तापासून पळवू की जपू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हा आजार बराचसा रक्तातून येतो, त्यामुळे पिल्लू निवडतानाच निम्मं काम होतं. पिल्लाच्या आई आणि वडील दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे दाखवा असं विक्रेत्याला सांगा. 'आमच्याकडे कधी झालं नाही' हे उत्तर म्हणजे एक्स-रे नव्हे. नाही दाखवले तर दुसरीकडे बघा, पैसे आगाऊ दिले असले तरी.

पिल्लू घरी आलं की नॉर्वेतल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष लक्षात ठेवा. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात चार मोठ्या जातींची पिल्लं होती, शेफर्ड त्यात नव्हते, लॅब्राडोर होते. तीन महिन्यांच्या आत रोज जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांना खुब्याचा हा आजार जास्त झाला. त्याच वयात मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळी बागडलेल्या पिल्लांना कमी झाला. तुमच्याकडे अंगण असेल तर मातीवर, गवतावर त्याला त्याच्या मनानं हिंडू द्या, त्याला वाटेल तेव्हा बसू द्या. चिऱ्यांच्या उंच पायऱ्यांवर मात्र उचलून घ्या, आठ-नऊ किलोचं असेपर्यंत ते जमतं. खाणं मोठ्या जातीच्या पिल्लांचं, मोजून. आणि वाटेत कुणी कॅल्शियमची बाटली दिली तर ती परत करा.